रोपं आणण्याआधी चिखल मोजा: कांदळवनाची बेसलाइन कशी तयार करतात

ओहोटीला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. काठाला तिवराची चार झाडं, पुढे सगळं मोकळं. बघणाऱ्याला वाटतं, जागा रिकामीच आहे, रोपं आणा आणि लावून टाका. फसलेल्या बहुतेक लागवडींची सुरुवात अशीच झालेली असते. जागा रिकामी का आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं. तिथली झाडं तोडली गेली असतील, कुठेतरी बांध पडून पाणी अडलं असेल, किंवा तिथे कांदळवन कधी नव्हतंच आणि पुढेही होणार नाही. लांबून तिन्ही जागा सारख्याच दिसतात.

फिलिपिन्समध्ये लागवडीवर भरपूर पैसा खर्च होऊनही दीर्घकाळ तगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्क्यांवरच राहिलं. योग्य उंचीच्या जमिनीवर कोळंबीचे तलाव झालेले होते. त्यामुळे रोपं गेली खालच्या उघड्या चिखलात, काही ठिकाणी तर समुद्री गवताच्या कुरणात. जातही बहुधा रायझोफोराच, म्हणजे कांदळ, कारण त्याची लांब शेंग उचलून चिखलात खोचणं सोपं. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या लागवडी पुढे तपासल्या, तेव्हा २३ पैकी ९ जागांवर एकही रोप शिल्लक नव्हतं. दोन्हीकडे कष्ट कमी पडले नाहीत. लागवडीआधीची मोजणी कमी पडली.

ही आधीची मोजणी म्हणजे बेसलाइन, पायाभूत नोंदी. तिची कामं दोन. झाडं का नाहीत किंवा का कमी होत आहेत, त्याचं कारण शोधणं हे पहिलं. पाच-दहा वर्षांनी ‘काही फरक पडला का’ असं कुणी विचारलं, तर उत्तर देता यावं म्हणून आजची स्थिती पक्की नोंदवून ठेवणं हे दुसरं. पहिलं काम चुकलं तर रोपं मरतात. दुसरं चुकलं तर रोपं जगूनही ते सिद्ध करता येत नाही. शिवाय बेसलाइन मागाहून गोळा करता येत नाही. चर खणला, बांध फोडला, की आधीची स्थिती कायमची गेली.

आधी कागद, मग चिखल

प्रत्यक्ष जागेवर जाण्याआधी तिचा इतिहास लावायचा. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. ३० मीटर तपशिलाची चित्रं १९८० च्या दशकापासून मिळतात आणि २००८ पासून हा सगळा साठा मोफत आहे. सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची चित्रं २०१५ पासून आहेत. ग्लोबल मॅन्ग्रोव्ह वॉचचे जागतिक नकाशे १९९६ पासूनचे बदल दाखवतात. जुने सर्वेक्षण नकाशे आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं मिळाली तर दुधात साखर.

ही चित्रं ओळीने लावून एकच प्रश्न विचारायचा. हिरवा पट्टा कोणत्या वर्षी नाहीसा झाला, आणि त्याच सुमारास आसपास काय बदललं? रस्ता झाला? बांध पडला? वरच्या अंगाला नदीवर धरण आलं? गाळ टाकला गेला? झाडं एका झटक्यात गेली असतील तर तोड किंवा वादळ. पाचसात वर्षांत हळूहळू विरळ होत गेली असतील तर पाण्याकडे बघायचं. रस्त्याखालचा नळ लहान ठेवलेला असला की आतल्या बाजूला भरतीचं पाणी नीट पोचत नाही, किंवा शिरलेलं पाणी परत निघत नाही. दोन्हीने झाड मरतं. वरून मात्र फक्त करडा डाग दिसतो.

उपग्रहचित्रांत तीन खड्डे आहेत. पहिला भरतीचा. चित्र ऐन भरतीत घेतलेलं असेल तर लहान झाडं पाण्याखाली असतात आणि क्षेत्र कमी भरतं. ओहोटीच्या चित्रात चिखलावरचं शेवाळ हिरवं दिसतं आणि क्षेत्र जास्त भरतं. म्हणून प्रत्येक चित्राची तारीख-वेळ भरतीच्या कोष्टकाशी जुळवायची आणि तुलना शक्यतो सारख्या पाणीपातळीच्या चित्रांतच करायची. दुसरा खड्डा चौकोनांचा. ३० मीटरचा एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर. खाडीकाठची १५ मीटर रुंदीची रांग त्यात अर्धी विरघळते. तिसरा खड्डा फसव्या आकड्याचा. संगणकाने रंगवलेले चौकोन मोजले की ‘४१२.७ हेक्टर’ असा ऐटबाज आकडा येतो. नकाशातल्या काही जागा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, प्रत्यक्ष जाऊन बघायच्या, आणि किती ठिकाणी नकाशा चुकला ते मोजायचं. हे केलेलं नसेल तर त्या दशांशाला अर्थ नाही.

गावातल्या जुन्या मच्छीमारांशी बोलणं याच टप्प्यात येतं. पाणी पूर्वी कोणत्या वाटेने यायचं, कोणती खाडी बुजली, शिंपल्या कुठे मिळायच्या, हे उपग्रहाला दिसत नाही. दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारावं. वर्षं मागेपुढे होतात, पण पाण्याच्या वाटा लोक सहसा चुकत नाहीत. आज त्या चिखलात कोण खेकडे धरतं, कोण शिंपल्या वेचतं, जनावरं कुठून उतरतात आणि जमीन कागदावर कुणाची, याच्याही नोंदी आत्ताच घ्यायच्या. मालकीचा वाद चिखलात दिसत नाही. कुंपण घालायची वेळ आली की दिसतो. शिंपल्या वेचणाऱ्या बहुतेक बायका असतात, आणि सर्वेक्षणातले प्रश्न पुरुषांना विचारले जातात. ही चूक इतकी नेहमीची आहे की प्रश्नावली करतानाच तिची तजवीज ठेवावी.

दोन शेजारी जागा निवडणं

ज्या जागेवर काम करायचं तेवढीच मोजणं पुरत नाही. सोबत दोन प्रकारच्या जागा लागतात आणि त्यांची गल्लत करायची नाही. एक म्हणजे संदर्भ जंगल. जवळचं, त्याच पाण्यावरचं, धडधाकट कांदळवन. ‘कुठे पोचायचं आहे’ ते याच्याकडून कळतं. दुसरी म्हणजे तुलनेचा तुकडा. आपल्या जागेसारखाच बिघडलेला, पण आपण हात लावणार नाही असा. त्यावर्षी पाऊस चांगला झाला आणि सगळीकडेच रोपं आली, तर श्रेय पावसाचं की आपलं, हे तो तुकडा सांगतो. संदर्भ जंगल बहुतेक जण निवडतात. तुलनेचा तुकडा वगळला जातो, कारण काहीच न करण्यासाठी जागा राखून ठेवणं कुणाच्या जिवावर येतं.

उंची: सगळ्यात महत्त्वाचा, सगळ्यात दुर्लक्षित आकडा

वेळ आणि पैसा एकाच मोजणीपुरता असेल, तर जमिनीची उंची आणि पाण्याची वेळ मोजा. झाडं नंतर मोजता येतील.

कांदळवनातली झाडं खाऱ्या पाण्यात उभी दिसतात, पण ती कायम पाण्यात राहत नाहीत. साधारणपणे ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून सर्वात मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात वाढतात, आणि एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी वेळ भरतीच्या पाण्याखाली असतात. बाकीचा वेळ चिखल उघडा असतो आणि मुळांना हवा मिळते. जागा थोडी खाली असली तर ही हवा तुटते. थोडी वर असली तर पाणी फक्त उधाणाला पोचतं, मधल्या दिवसांत ते आटतं आणि मीठ साचतं. हा ‘थोडी’चा हिशोब सेंटिमीटरमध्ये आहे. भरती-ओहोटीतला फरक लहान असलेल्या किनाऱ्यावर २० सेंटिमीटरची चूक संपूर्ण लागवड बुडवू शकते.

१९२८ मध्ये वॉटसन या वनअधिकाऱ्याने मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) कांदळवनांचे पाच वर्ग पाडले, ते महिन्यातून किती भरत्या जमिनीवर चढतात यावरून. सर्वात खालच्या वर्गात ५६ ते ६२, पुढे ४५ ते ५९, मग २० ते ४५, मग २ ते २०, आणि सर्वात वर दोनहून कमी. कल्पना आजही उपयोगी आहे. आकडे मात्र जसेच्या तसे दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊ नयेत. त्यापेक्षा आपल्याच संदर्भ जंगलात प्रत्येक जातीची झाडं कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत आहेत ते मोजावं आणि तोच पट्टा मोकळ्या जागेत शोधावा.

मोजायचं कशाने? फोनच्या जीपीएसने नाही. त्याची आडवी चूक उघड्यावर तीन ते पाच मीटर, दाट पानांखाली त्याहून जास्त, आणि उंचीचा आकडा या कामासाठी निरुपयोगी. आरटीके प्रकारचा, म्हणजे ठरावीक जागी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राच्या आधाराने आपली चूक सुधारणारा जीपीएस उंची दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने देतो, पण त्याला मोकळं आकाश लागतं. झाडांखाली ऑटो लेव्हल (तिपाईवरची आडवी रेषा दाखवणारी दुर्बीण) आणि मापाची पट्टी हेच खात्रीचं. आरटीकेची एक गोची लक्षात ठेवावी. तो जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रपातळीपासूनची नाही. या दोन पृष्ठभागांतलं अंतर जगभरात उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतं. नोंदवहीत नुसती ‘उंची’ लिहिली आणि ती कोणत्या पृष्ठभागापासून ते लिहिलं नाही, तर पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला त्या आकड्याचं काहीच करता येत नाही.

साधनं नसतील तर पाण्याचीच लेव्हल करता येते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, १० ते १५ मीटर लांबीची, पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढलेली. तिने एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर उंची नेता येते आणि प्रत्येक टप्प्याला चूक अर्धा-एक सेंटिमीटर राहते. शेवटी फिरून पहिल्या खुंटीवर यायचं. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा जुळला नाही, तर वाटेत कुठेतरी बुडबुडा राहिला किंवा खुंटी खचली.

आणखी एक सोपी रीत आहे. संदर्भ जंगलात आणि मोकळ्या जागेत काठ्या रोवायच्या, त्यांना ओला खडू फासायचा आणि वारा-पाऊस नसलेल्या दिवशी भरती येऊ द्यायची. पाणी जिथवर चढलं तिथवर खडू धुतला जातो. त्या रेषेपासून चिखलापर्यंतचं अंतर म्हणजे त्या भरतीला तिथे असलेलं पाणी. जवळजवळच्या जागांत भरतीची कमाल पातळी जवळपास एकच असते, म्हणून काठ्यांमधला फरक म्हणजेच जमिनीच्या उंचीतला फरक. मध्ये बांध किंवा अरुंद नळ असेल तर हे गृहीतक कोसळतं. पण तेही कामाचंच आहे, कारण पाणी कुठे अडतं ते तिथेच उघड होतं.

पाण्याची घडी

जमीन किती उंच हे कळलं, आता पाणी किती वेळ थांबतं ते मोजायचं. त्यासाठी दाब मोजणारा लहान नोंदयंत्र-नळा चिखलात उभ्या पाइपमध्ये टांगतात. दर १० किंवा १५ मिनिटांनी तो नोंद घेतो. कमीत कमी १५ दिवस ठेवावा, म्हणजे एक उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) आणि एक भांग (लहान भरतीचे दिवस) सापडतो. महिनाभर ठेवला तर बरं. पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत वेगवेगळा ठेवला तर उत्तम.

या यंत्रावर पाणी आणि हवा दोघांचा दाब पडतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की पाण्याची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने बदलल्यासारखी दिसते. वादळी हवेत दाब २० हेक्टोपास्कलने उतरला तर २० सेंटिमीटरची खोटी ओहोटी नोंदली जाते. म्हणून दुसरं यंत्र जवळच, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, सावलीत टांगतात आणि त्याचा आकडा वजा करतात. यंत्राचं टोक जमिनीपासून किती उंचीवर आहे हे बसवताना आणि काढताना दोन्ही वेळा मोजायचं. पाइप खचतो, आणि तो खचल्याचं आकड्यांवरून कळत नाही.

नोंदींचा आलेख काढला की दुखणं चेहऱ्यासारखं ओळखू येतं. निरोगी जागेत पाणी भरतीबरोबर चढतं आणि ओहोटीबरोबर पूर्ण उतरतं. पाणी चढतं पण उतरताना रेषा अर्ध्यावर आडवी होते, म्हणजे निचरा बंद आहे. बाहेर भरती असताना आत काहीच हालचाल नाही, म्हणजे वाट बुजली आहे. अशा जागी रोपं लावणं व्यर्थ. आधी वाट मोकळी करायची, आणि ती झाल्यावर कित्येकदा लागवड करायची वेळच येत नाही, कारण पाण्यासोबत बियाही येतात. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे कांदळवनं पुन्हा उभी करण्याचे अभ्यासक रॉबिन लुईस यांनी हेच केलं. भराव काढून जमीन शेजारच्या जंगलाच्या उंचीला आणली, भरतीच्या वाटा मोकळ्या केल्या, आणि जंगल न लावता उभं राहिलं.

समुद्राची पातळी वाढते आहे तिथे आणखी एक प्रश्न उरतो. चिखलही तितक्याच वेगाने वर येतो आहे का? त्यासाठी जमिनीत कठीण थर लागेपर्यंत सळई ठोकतात. तिच्यावर आडवी पट्टी बसवून नऊ काड्या चिखलाच्या पृष्ठभागाला टेकवतात आणि असं चार दिशांना करतात. एकूण ३६ आकडे मिळतात, मिलिमीटरच्या अचूकतेचे. शेजारी चिखलावर फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाच्या भुकटीचा थर पसरतात. पुढे तिथून चिखलाचा तुकडा कापला की पांढऱ्या रेषेवर किती नवा गाळ बसला ते दिसतं. गाळ बसतो आहे तरी सळईचे आकडे वाढत नाहीत, तर जमीन आतून खचते आहे. मोजणाऱ्याचा पाय तिथे एकदा जरी पडला तरी आकडा बिघडतो, म्हणून पहिल्या दिवसापासून फळ्यांवर उभं राहून काम करायचं. एका वर्षाच्या आकड्यांवरून कल ठरवण्याची घाई नको.

चिखलाची तब्येत

खारटपणा मोजताना वरचं डबक्यातलं पाणी घेऊ नये. मुळं पितात ते पाणी चिखलाच्या आत असतं. टोकाला छिद्रं पाडलेली बारीक नळी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खुपसायची, सिरिंजने पाणी ओढायचं, पहिली ओढ टाकून द्यायची आणि दुसरीतले थेंब रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा दाखवणाऱ्या उपकरणावर ठेवायचे. शुद्ध पाण्यावर तो शून्य दाखवतो ना, हे दररोज सुरुवातीला बघायचं. समुद्राच्या पाण्यात मीठ हजार भागांत सुमारे ३५ असतं. चिखलातलं पाणी त्याच्या दुप्पट खारट निघालं, तर तिवरासारख्या चिवट जातींखेरीज कुणाची आशा धरू नये, आणि तिवरही खुरटंच राहील. एकाच ऋतूतला आकडा धोका देतो. पावसाळ्यात गोड वाटलेली जागा उन्हाळ्याच्या शेवटी मिठागर झालेली असते.

जुन्या कोळंबी तलावांत आम्लता नक्की तपासा. कांदळवनाच्या चिखलात लोह आणि गंधकाची संयुगं असतात. ती पाण्याखाली दबलेली असेपर्यंत निरुपद्रवी. तलावाच्या बांधासाठी खणून वर काढली की हवा लागते आणि गंधकाम्ल तयार होतं. सामू (पीएच) ४ च्या खाली गेला की रोपांची मुळं जळतात. सामू ताज्या चिखलाचाच मोजायचा, जागेवर. पिशवीत भरून चार दिवसांनी प्रयोगशाळेत मोजला तर वाटेतच तो उतरलेला असतो. आज ठीक असलेला चिखल पुढे आंबट होईल का, हे बघायला थोडा नमुना ओलसर ठेवून काही आठवडे हवेवर राहू द्यावा आणि पुन्हा मोजावा.

झाडं मोजताना होणारे घोटाळे

पाण्याच्या काठापासून जमिनीकडे सरळ रेषा टाकायची, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे पट्टे त्यात येतात. रेषेवर दर २५ मीटरला एक गोल, असे सहा गोल ही बरीच रुळलेली पद्धत आहे. सात मीटर त्रिज्येच्या गोलात ५ सेंटिमीटरहून जाड खोडं मोजायची, त्याच्या मधल्या दोन मीटर त्रिज्येत बारीक खोडं. सात मीटरच्या गोलाचं क्षेत्र १५४ चौरस मीटर. म्हणजे गोलातलं एक झाड हेक्टरी ६५ झाडांच्या जागी धरलं जातं. कडेचं एक झाड ‘असू दे’ म्हणून आत घेतलं, की कागदावर ६५ झाडं वाढली. नियम पक्का ठेवायचा: खोडाचा मध्य आत असेल तर झाड आत.

जाडी जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. कांदळाला ही रीत चालत नाही, कारण त्या उंचीवर आधारमुळांचा गुंता असतो. तिथे सर्वात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर मोजायचं आणि ती उंची नोंदवायची. तिवर १.३ मीटरच्या खाली फुटलेलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं. मोजलेल्या जागी रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली नाही, तर पुढच्या खेपेस टेप चार बोटं वरखाली बसतो आणि झाड ‘आकसलं’ असं वहीत दिसतं.

जाडीवरून वजन काढायला कोमियामा आणि सहकाऱ्यांचं २००५ चं सूत्र सर्रास वापरतात. जमिनीवरचं कोरडं वजन किलोमध्ये = ०.२५१ × लाकडाची घनता × व्यासाचा २.४६ वा घात. घनता ०.७ आणि व्यास १२ सेंटिमीटर धरला तर सुमारे ७९ किलो. व्यास १३ लिहिला तर ९७ किलो. एका सेंटिमीटरच्या चुकीने वजन जवळपास २२ टक्क्यांनी वाढलं. आता मोठा घोटाळा बघा. साध्या टेपने मोजतो तो घेर, व्यास नाही. घेराला ३.१४ ने भागायचं विसरलं आणि तोच आकडा व्यास म्हणून भरला, तर वजन सुमारे १७ पट येतं. नोंदवहीतल्या रकान्यावर ‘घेर’ की ‘व्यास’ हे छापलेलंच हवं.

मेलेली झाडं आणि बुंधे वगळू नका. करवतीचा सपाट काप असलेला बुंधा तोड सांगतो. उभी वाळलेली, साल गळालेली झाडं बहुतेकदा पाण्याचं दुखणं सांगतात. आणि मोकळ्या जागेत जुने बुंधे असतील तर तिथे कधीकाळी जंगल होतं, याचा तो पुरावा. मात्र झाडं मेल्यावर मुळं कुजून जमीन खाली बसते, म्हणून बुंध्याशेजारची आजची उंची तेव्हाचीच असेल असं धरू नये.

रोपांची मोजणी वेगळी, एक मीटरच्या चौकोनांत, आणि शेंगा-बिया गळून गेल्यानंतरच्या दिवसांत. ताजी रुजलेली आणि वर्ष काढलेली रोपं वेगवेगळी लिहा, कारण सगळा निर्णय या दोन आकड्यांत दडलेला आहे. ताजी भरपूर पण जुनी नाहीत, म्हणजे बिया येतात आणि मरतात, तेव्हा पाणी, मीठ, गुरं किंवा खेकडे तपासा. ताजीच नाहीत, तर बियाच पोचत नाहीत. आणि दोन्ही भरपूर असतील तर कृपया तिथे काही लावू नका.

कार्बनसाठी खाली खणावं लागतं

कांदळवनाचा कार्बन मुख्यतः झाडांत नसून चिखलात असतो. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ जंगलांच्या २०११ च्या अभ्यासात एकूण कार्बनपैकी ४९ ते ९८ टक्के जमिनीत निघाला. तो मोजायला अर्ध्या नळीसारखं उघडं, मीटरभर लांब पातं चिखलात सरळ दाबतात, फिरवतात आणि उचलतात. ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ५० आणि ५० ते १०० सेंटिमीटर अशा थरांच्या मधून प्रत्येकी पाच सेंटिमीटरचा तुकडा कापतात. तो ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात.

हिशोब सोपा आहे. कोरडं वजन भागिले ओल्या तुकड्याचं घनफळ, म्हणजे घनता. घनता घन सेंटिमीटरला ०.६ ग्रॅम, कार्बन ४ टक्के आणि थर १५ सेंटिमीटरचा असेल, तर ०.६ × ०.०४ × १५ = ०.३६ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी ३६ टन. चूक बहुतेक घनफळात होते. पातं घाईने ठोकलं की चिखल दबतो. भोकाची खोली आणि नमुन्याची लांबी जुळत नसेल तर तो नमुना फेकून शेजारी दुसरा घ्यावा. भट्टीत जाळून येणारा आकडा सेंद्रिय पदार्थाचा असतो, कार्बनचा नाही, हेही अनेक अहवाल विसरतात. चिखलात शंख-शिंपल्यांचा चुरा असेल तर आम्लाच्या थेंबाने तो फसफसतो. तो कार्बन आधी काढून टाकायचा, नाहीतर शिंपल्यांचा चुना जंगलाच्या खात्यात जमा होतो.

खेकडे, गोगलगायी, पक्षी यांचीही नोंद हवी, पण साधी ठेवा. चौकोनातली बिळं ओहोटीला, त्याच महिन्यात, त्याच माणसाने मोजावीत. बिळांची संख्या म्हणजे खेकड्यांची संख्या नव्हे. ती फक्त वर्षावर्षांतल्या तुलनेसाठी.

किती गोल पुरतात?

आधी पाचसहा गोल मोजा आणि आकडे किती पसरलेले आहेत ते बघा. पसारा (प्रमाण विचलन) सरासरीच्या ६० टक्के असेल आणि उत्तर २० टक्क्यांच्या आत हवं असेल, तर दोन गुणिले ६०, भागिले २०, त्याचा वर्ग: ३६ गोल. उत्तर १० टक्क्यांच्या आत हवं तर १४४. अचूकता दुप्पट, काम चौपट. म्हणून खालचा, मधला आणि वरचा पट्टा वेगळे धरून गोल वाटावेत. एकेका पट्ट्यात पसारा कमी असतो आणि थोडक्यात काम भागतं. गोल कुठे पडणार ते घरी, नकाशावर ठरवायचं. जागेवर ठरवलं तर पाय आपोआप कोरड्या, चालायला सोप्या बाजूला वळतात.

वही, खुंट्या आणि घड्याळ

नोंदी पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने घ्याव्यात. शून्य आणि रिकामा रकाना यांत फरक आहे. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं, रिकामा म्हणजे बघितलंच नाही. दहातलं एक झाड दुसऱ्या माणसाने पहिल्याचा आकडा न बघता पुन्हा मोजावं, म्हणजे आपल्याच मोजणीत चूक किती ते कळतं. नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी आतही हवी आणि बाहेरही. छायाचित्रं ठरावीक खांबावरून, ठरावीक दिशेला, सारख्या पाणीपातळीला.

भरतीचं छापील कोष्टक बंदराचं असतं. खाडीच्या आत तीच भरती अर्धा-एक तास उशिरा पोचते, कधी त्याहूनही जास्त. पाणी उतरत असताना आत शिरावं, परतायची वेळ आधी ठरवावी आणि एकट्याने जाऊ नये. दुधी चीक येणारं एक्सिकॅरिया हे झाड आधी ओळखून घ्या. चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं, म्हणून फांद्या तोडत वाट काढू नका.

झाडांवरचे क्रमांक अ‍ॅल्युमिनियमच्या खिळ्यांवर टांगावेत, खिळा थोडा बाहेर ठेवून, म्हणजे खोड वाढताना पट्टी गिळत नाही. गोलाच्या मध्याला पीव्हीसीचा पाइप, आत वाळू भरून. तो वाहून जाईल असं समजूनच चालायचं. म्हणून जवळच्या पक्क्या बांधकामावर किंवा खडकावर उंचीच्या दोन खुणा कोराव्यात आणि दोन्हींपासून गोलाचं अंतर आणि दिशा वहीत लिहून ठेवावी. एक खूण बुजली तर दुसरी सापडते.